हेलिकॉप्टरवाला, दाढीवाले आणि काळदुर्ग

लग्न होऊन मी नवापूरला आले तेव्हा माझे सासरे माझ्याशी दिवसाकाठी दोनच वाक्यं बोलायचे. सकाळी "चाय हाय का?" आणि संध्याकाळी "आलीस?" त्यात राग नव्हता, नाराजीही नव्हती. बोलायला विषयच नव्हता. ते जन्मभर दर्यावर गेलेले, स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. मी माण तालुक्यातली, जिथं विहिरीला पाणी लागलं तर गावभर पेढे वाटतात. बोईसरच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये केमिस्ट, माझा नवरा तिथल्याच वर्कशॉपमध्ये. आमचं जमलं, घरच्यांनी मान्य केलं आणि मी मासळी साफ करायला शिकत या घरात आले.

त्याच सुमारास सासऱ्यांनी बोट विकली होती. गुडघ्यानं दगा दिला होता, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि मुलानं दर्या कधीच धरला नव्हता. बोट गेली तसे ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. सासूबाई मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात जायच्या. त्या परत येईपर्यंत घरात फक्त टीव्हीचा आवाज.

एकदा मी पहिल्या पाळीहून घरी आले, हेल्मेट काढते आहे, तोच आतून ओरडणं ऐकू आलं.

"अरे बुडशील रं! ती गाठ हाय का काय हाय?"

मी घाबरून आत धावले. सासरे खुर्चीतून अर्धे उठून टीव्हीवर बोट रोखून उभे होते. पडद्यावर एक गोरा माणूस बांबूचा तराफा बांधून नदीत ढकलत होता आणि हिंदीतून सांगत होता की आता आपला जीव या तराफ्यावर अवलंबून आहे. थोडं अंतर गेल्यावर तराफ्याचे बांबू पांगले आणि तो माणूस पाण्यात पडला. सासरे खुर्चीत मागं रेलले आणि इतक्या समाधानानं हसले की मलाही हसू आवरेना.

"हसतेस काय? सांगितलेलं मी त्याला."

"बाबा, तो बुडणार नाही. मागं दुसरी बोट असते. कॅमेरावाले असतात."

"हा हेलिकॉप्टरमधून उडी मारतो. खोटं हाय का ते?"

"उडी खरी. पण रात्री तो हॉटेलात झोपत असेल."

मी बोलून गेले आणि मग वाटलं, जास्त झालं. पण सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, समोरच्या खुर्चीकडं हात केला आणि म्हणाले, "बस. तुला काय माहीत, ते सांग."

मला माहीत होतं, कारण कॉलेजात असताना मी होस्टेलच्या मुलींबरोबर असले कार्यक्रम ढिगानं पाहिले होते. माझा आवडता होता तो वेगळाच. त्यात दहा-बारा माणसांना बर्फाळ जंगलात एकेकटं सोडतात. प्रत्येकाला मोजक्या वस्तू न्यायला परवानगी. कॅमेरा ज्याचा त्यानंच चालवायचा. जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. उड्या नाहीत, संगीत नाही. माणूस झोपडी बांधतो, सापळे लावतो, उपाशी झोपतो आणि कॅमेऱ्याशी बोलत बसतो. हळूहळू सगळ्यांच्या दाढ्या वाढतात. मी तो कार्यक्रम माझ्या मोबाइलवर लावून सासऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो नाकाजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि निकाल दिला. "हे नुसते बसून रडतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले. त्यांचा हेलिकॉप्टरवाला आणि माझे दाढीवाले.

माझी पाळी संपली की आमची बैठक बसायची. मी चहा ठेवायची, ते टीव्ही लावायचे. आधी एक भाग त्यांचा, मग एक माझा. नवऱ्यानं घरात मोठा टीव्ही आणि नेट घेतलं होतं ते क्रिकेटसाठी, पण त्याला रिमोट मिळेनासा झाला. वाद मात्र मनापासून व्हायचे. मी म्हणायची, "तुमच्या माणसामागं कॅमेरावाला असतो, मग तो एकटा कसा?" यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मी दारात पाऊल टाकताच म्हणाले, "तो कॅमेरावाला पण त्याच्यासंगती कड्यावरून उतरतो ना? खांद्यावर एवढं वजन घेऊन? आणि त्याचं तोंड कोणी दाखवत नाय. खरा मर्द तो हाय." तेव्हापासून ते हेलिकॉप्टरवाल्यापेक्षा न दिसणाऱ्या कॅमेरावाल्याचीच जास्त काळजी करू लागले. नदी ओलांडायचा प्रसंग आला की म्हणायचे, "हा गेला पलीकडं. तो पोहोचला का पण?"

सासूबाई बाजारातून येऊन पाय पसरून बसायच्या आणि अधूनमधून पडद्याकडं नजर टाकायच्या. एकदा माझ्या दाढीवाल्यांपैकी एकानं उपासमारीनंतर मोठा मासा पकडला. आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. सासूबाई म्हणाल्या, "डोकं फेकलंन. बघ, डोकं फेकलंन मेल्यानं. आणि उपाशी म्हणतो."

कार्यक्रमामागोमाग सामानाचं वेड आलं, तेही आधी सासऱ्यांना. नवऱ्याच्या मोबाइलवरून त्यांनी पहिली वस्तू मागवली ती दोरीचं कडं. हातात घालायचं, विणलेलं, उकललं की लांब दोरी होते आणि बकलात एवढंसं होकायंत्र. मग डोक्याला बांधायची बॅटरी. मग मिटणारं फावडं. मग एक चांदीसारखी चमकणारी पातळ चादर, जी अंगावर घेतली की अंगाची ऊब अंगातच राहते असं म्हणतात. नवापूरच्या उकाड्यात त्यांनी ती घेऊन दुपारी झोपून पाहिली आणि घामानं निथळत उठून म्हणाले, "चालते."

माझी आवड साधी होती. मला स्टीलची एकपदरी बाटली हवी होती, कारण दुपदरी थर्मासची बाटली विस्तवावर ठेवता येत नाही, फुटायची भीती. एकपदरी बाटलीत पाणी थेट उकळता येतं. ती मी पालघरच्या दुकानातून शोधून आणली. दुसरी माझी लाडकी वस्तू म्हणजे पातळ ताडपत्री, चारी बाजूंना कड्या असलेली. तिचं छप्पर होतं, अंथरूण होतं, पाणी साठवायला खोळ होते. माझं म्हणणं, या दोन वस्तू आणि एक सुरी असली की माणूस कुठंही राहील. सासऱ्यांना बाटली पटली नाही. "पाणी उकळायचं तर टोप घ्यावा. बाटलीत हात घालून घासता येतो का?" सुरीवर मात्र एकमत होतं. त्यांची बोटीवरची जुनी सुरी, लाकडी मुठीची, पात्याला झिजून झिजून बाक आलेली. टीव्हीवरच्या कोणत्याही सुरीला ते नावं ठेवायचे आणि मग उठून ही सुरी दगडावर लावत बसायचे.

आग पेटवायची कांडी आली तेव्हा मात्र घरात रामायण झालं. ही काळी पेन्सिलीएवढी कांडी असते, तिच्यावर लोखंडी पट्टी ओढली की ठिणग्यांचा पाऊस पडतो. मी केमिस्ट असल्यानं त्यात कोणते धातू असतात हे मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि अंगणात जाऊन नारळाच्या शेंड्या पिंजायला बसले. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, पट्टी स्थिर धरा आणि कांडी मागं ओढा." त्यांनी तसं केलं आणि शेंड्या भपकन पेटल्या. आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो.

त्या आनंदात वाऱ्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. शेजारी सासूबाईंनी जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता आणि कावळ्यांसाठी वर जुनं नायलॉनचं जाळं टाकलं होतं. एक पेटती शेंडी उडाली ती थेट जाळ्यावर. जाळं वितळून आकसलं, काळा धूर निघाला, मी बादली ओतली आणि वाळत आलेला सगळा जवळा पुन्हा ओला झाला, वर जळक्या प्लास्टिकचा वास.

सासूबाई बाजारातून आल्या. अंगण पाहिलं. आम्हा दोघांकडं पाहिलं. मला वाटलं, आता माझ्या माहेरचा उद्धार होणार. पण त्यांनी सासऱ्यांपुढं हात पसरला. "दे ती कांडी."

"अगं, पण पेटली ना—"

"दे."

कांडी गेली ती कुठं गेली ते आजवर कळलेलं नाही. आम्ही दुसरी मागवली नाही. तेवढी हिंमत दोघांपैकी एकालाही नव्हती.

पुढं एका दुपारी मी घरी आले तर सासरे एकटेच बसून माझा कार्यक्रम पाहत होते. माझा, त्यांचा नव्हे. एक वयस्क दाढीवाला, जो सहज जिंकला असता, कॅमेऱ्यासमोर बसून सांगत होता की मला भूक नाही, थंडी नाही, फक्त बायकोला बघायचं आहे, मी जातो. आणि त्यानं घरी जायचं बटण दाबलं.

मी बसले. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला.

"आमी पण असंच एकदा लटकलेलो," ते म्हणाले.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे मी त्या घरात कधीच ऐकलं नव्हतं. माझा नवरा तेव्हा पाळण्यात होता. खोल दर्यात त्यांच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. मोबाइल नव्हते, वायरलेस नव्हता. वारा बोटीला बाहेर बाहेर नेत होता. तांदूळ होते, कांदे होते, पिंपात पाणी होतं, त्यामुळं मरायची भीती लगेच नव्हती.

"मग भीती कसली वाटली?" मी विचारलं.

"आवाज नाय त्याची. इंजिन असतं ना, ते दिवसभर कानात वाजतं. ते बंद झालं आणि एकदम गप. मग आमी बोलतच सुटलो. जो गप बसेल त्याला शिव्या. एकानं आपल्या लग्नात कोण कोण जेवलं ते सगळं सांगितलं, घराघराची नावं घेऊन. दुसऱ्यानं भजनं म्हटली, त्याला येत नव्हती तरी." ते हसले. "तुझे हे दाढीवाले एकटे हायत. त्यांना शिव्या द्यायला पण कोण नाय. ते वाईट."

"मग सुटलात कसे?"

"सातपाटीची बोट दिसली. तिनं ओढून आणलं. घरी पोचलो, दारात तुझी सासू. म्हणाली, मासळी कुठाय?"

मी हसले. सासूबाईंना रात्री स्वयंपाकघरात विचारलं, "आई, तुम्ही खरंच असं विचारलंत?" त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मग काय विचारू? रडले असते तर तो पण रडला असता."

थंडी सुरू झाली तेव्हा सासऱ्यांनी स्वतःहून जाहीर केलं की बघणं पुष्कळ झालं, आता जाऊ या. कुठं? तर काळदुर्गावर. पालघरहून मनोरकडं जाताना वाघोबाची खिंड लागते, तिथून वर चढायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे, हा त्यांचा मुद्दा. डॉक्टरांनी अंगणात चालायला सांगितलं आहे, हा सासूबाईंचा. शेवटी तडजोड झाली, की सासूबाई सोबत येतील, खिंडीतल्या देवळापाशी थांबतील आणि अंधार पडायच्या आत आम्ही दोघांनी खाली यायचं. नवऱ्याची त्या रविवारी ड्युटी होती. तो म्हणाला, "बाबांना सांभाळ," आणि बाबांना म्हणाला, "हिला सांभाळा."

सामान भरताना भांडण झालंच. माझ्या सॅकमध्ये ताडपत्री, बाटली, बिस्किटं. त्यांच्या सॅकमध्ये सुरी, बॅटरी, फावडं, चमकती चादर, शिटी, बोटीवरच्या दोरखंडाचं वेटोळं आणि एका डबीत गळ.

"बाबा, डोंगरावर गळ कशाला?"

"हेलिकॉप्टरवाला ठेवतोच."

दोरखंड मी अर्धा काढून ठेवला. गळ राहिले.

बोईसरहून पालघर आणि तिथून मनोरच्या गाडीनं आम्ही खिंडीत उतरलो. देवळात वाघोबाला नारळ वाढवला. तिथं माकडांची फौज असते, ती पिशव्यांवर डोळा ठेवून बसलेली. सासूबाईंनी जेवणाची पिशवी मांडीखाली घेतली, फुलवाल्या बाईशेजारी बसकण मारली आणि आम्हाला म्हणाल्या, "जा. आणि नीट या."

चढण मला वाटली होती त्याहून सोपी होती, पण सासऱ्यांसाठी सोपी नव्हती. गुडघा दुखला की ते थांबायचे आणि दुखतंय असं न म्हणता एखाद्या झाडाची पाहणी करायचे. मी पण त्या झाडाची पाहणी करायची. सागाची वाळलेली पानं पायाखाली कुरकुर वाजत होती. असं झाडं बघत बघत आम्ही वरच्या सपाटीवर पोहोचलो. तिथून पुढं तो मोठा चौकोनी कातळ उभा आहे. त्याच्या पायथ्याशी येऊन सासऱ्यांनी सॅक टाकली, कातळावर तळहात टेकला आणि पश्चिमेकडं वळले.

दूरवर समुद्र होता. उन्हात चकाकणारी एक पट्टी, तिच्याअलीकडं शेतं, वाड्या, बोईसरकडच्या कारखान्यांच्या चिमण्या. मी माझा कारखाना शोधत होते. सासरे काही शोधत नव्हते, नुसते बघत होते.

"दर्यातून हा दगड दिसतो," ते म्हणाले. "परत येताना हाच बघायचा. हा दिसला की कुठं वळायचं ते कळतं. माझ्या बापानं दाखवला मला."

"मग तुम्ही याआधी कधी आला नाहीत इथं?"

"नाय. काम काय इथं? मला वाटायचं, हा लय लांब हाय." ते हसले. "गाडीनं एवढासा रस्ता. आलोच नाय कधी."

मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि बाटली परत देताना म्हणाले, "बाटली बरी हाय तुझी." मला माझ्या आजोळचा डोंगर आठवत होता. त्यांना काय आठवत होतं ते मी विचारलं नाही. त्यांचा हात मात्र कातळावर होता, मधूनच तो थोपटत होता, बैलाची पाठ थोपटावी तसा.

गोंधळ उतरताना झाला. खालच्या झाडीत पायवाटेला दोन फाटे फुटले. मला उजवीकडचा बरोबर वाटला. सासऱ्यांनी मनगट वर केलं, कड्यातलं होकायंत्र पाहिलं आणि ठामपणे म्हणाले, "डावीकडं." दर्यावर आयुष्य काढलेल्या माणसाशी होकायंत्रावरून कोण वाद घालणार? आम्ही डावीकडं गेलो. वाट बारीक झाली, मग करवंदीच्या जाळीत शिरली आणि पुढं एका कोरड्या ओहोळात संपली. सासऱ्यांनी पुन्हा होकायंत्र पाहिलं. मीही डोकावले. फाट्याच्या आधीपासूनच त्यांनी काटे तोडायला ज्या हातात उघडी सुरी धरली होती, त्याच मनगटावर ते कडं होतं. सुरी हलली की सुई हलत होती.

"बाबा, सुरी दुसऱ्या हातात घ्या."

त्यांनी घेतली. सुई गर्रकन फिरून भलतीकडंच थांबली.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. लोखंडाजवळ सुई फसते हे मला शाळेपासून ठाऊक होतं आणि त्यांना माझ्याही आधीपासून. दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"घरी सांगू नको," ते म्हणाले.

पण हसण्यासारखी वेळ राहिली नव्हती. ऊन कलत होतं. त्यांचा गुडघा सुजलेला विजारीवरूनही कळत होता. त्यांना घेऊन परत चढणं शक्य नव्हतं आणि ओहोळ खाली कुठं जातो ते माहीत नव्हतं. मोबाइलला रेंज नव्हती. मी शिटी घेऊन फुंकली. उत्तरादाखल झाडीतून एक पक्षी उडाला, एवढंच. त्यांना हो म्हणून इथं आणणारी मीच, असं मनात फिरत होतं.

सासरे मात्र एका दगडावर बसले, सॅक उघडली आणि खुशीत म्हणाले, "तुझे दाढीवाले काय करतात अशा वेळी?"

"एका जागी थांबतात."

"मग थांबू. काढ ती ताडपत्री. फावडं पण कामाला येईल आता." आणि खरोखर त्यांनी जमीन सपाट करायला घेतली. मी रडकुंडीला आले होते आणि हे गृहस्थ घर बांधत होते. मला इतका राग आला, की मी म्हणाले, "बाबा, हा कार्यक्रम नाही!"

ते थांबले. "माहीत हाय," शांतपणे म्हणाले. "पण तू गप बसलीस. गप बसायचं नाय. बोलत राहा. तुझ्या लग्नात कोण कोण जेवलं ते सांग."

मी सांगायला लागले. खरंच. म्हसवडची मावशी, तिचे चार पोरगे, दहिवडीचा मामा जो जिलबीवरून रुसला. बोलता बोलता माझा श्वास जागेवर आला. मामापर्यंत पोहोचले आणि सासऱ्यांनी हात वर केला. "ऐक."

खालून, ओहोळाच्या उजव्या अंगानं, आवाज येत होता. अस्पष्ट, पण ओळखीचा. बोईसरच्या बाजारात एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाला थांबवणारा तो आवाज होता.

"ठेव! ठेव म्हणते ती पिशवी! मेल्या, तुझ्या बापाची हाय का?"

"तुझी सासू," ते म्हणाले. "चल."

आवाजाच्या रोखानं आम्ही उतरू लागलो. मी पुढं, माझ्या खांद्यावर त्यांचा हात. आवाज बंद झाला की थांबायचो, पुन्हा सुरू झाला की चालायचो. सुदैवानं तो फारसा बंद होत नव्हता. झाडी विरळ झाली, रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या आणि आम्ही देवळाच्या मागच्या बाजूनं बाहेर पडलो. सासूबाई हातात चप्पल घेऊन उभ्या होत्या. समोर देवळाच्या छपरावर एक धिप्पाड माकड आमची जेवणाची पिशवी उघडून बसलं होतं. एकेक भाकरी काढून वास घ्यायचं आणि खाली टाकायचं.

"तुमी तिकडून कुठून आलात?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरा रस्ता बघितला," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी आमच्याकडं नीट पाहिलं. माझे ओरखडलेले हात, सासऱ्यांचा गुडघा, केसांतली पानं. फुलवाल्या बाईकडून पाणी मागून आणलं, सासऱ्यांना पायरीवर बसवलं आणि ओला पंचा गुडघ्यावर गुंडाळला. मग मला जवळ ओढून हातांवरचे काटे काढायला बसल्या. माकडानं सोडलेली बोंबलाची चटणी तेवढी शाबूत होती, डब्याचं झाकण त्याला उघडता आलं नाही. माझ्या सॅकमधली बिस्किटं आम्ही त्या चटणीबरोबर खाल्ली. कुणी कधी खाऊन पाहिलं नसेल, पण वाईट लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सासऱ्यांना बोईसरच्या हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, काय केलंत? मला वाटलं, हे आता जिन्यावरून घसरलो वगैरे सांगतील. पण त्यांनी वाघोबाच्या खिंडीपासून सगळं सांगितलं, होकायंत्रासकट. डॉक्टर आधी रागावले. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"म्हणजे तुम्ही ते जंगलाचे कार्यक्रम बघता?"

"रोज."

"मीपण. तो हेलिकॉप्टरमधून उडी मारतो ना, त्याचा एक भाग सोडत नाही. काय माणूस आहे!"

मी सासऱ्यांकडं पाहिलं. आता दोघांची गट्टी जमणार आणि मी एकटी पडणार, हे उघड होतं.

"तो ठीक हाय," सासरे म्हणाले. "पण त्याला संगत असते. तुमी ते एकेकट्यांचं बघा. दाढीवाल्यांचं. माणूस कसा हाय ते तितं कळतं."

"अहो, ते तर नुसते बसून रडतात!"

"रडतात म्हणजे? तुमाला सोडलं एकटं त्या बर्फात, तर तुमी काय हसाल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांपैकी कुणीतरी दार ढकलून आत डोकावलं. मी त्याला हातानं थोडं थांबायची खूण केली आणि स्वतःसाठी एक स्टूल ओढून घेतलं.